आवाजात नसलेली रेघ

“तुमच्या मंडळींनी फार समजूतदारपणा दाखवला हं, एल्डन,” सिनेटर ट्रेडवे म्हणाले, आणि पेपरमिंटच्या डबीचे झाकण त्यांच्या अंगठ्याखाली नेहमीसारखे टक् वाजले. “सकाळपासून मी धास्तावून होतो. म्हटलं, आज बस भरून येतील, दारात काठ्या आपटतील. पण दुपारच्या सुनावणीला विरोधाची चिठ्ठी एक नाही. एकसुद्धा!”

“कशाला येतील, साहेब?” एल्डन हसून म्हणाला. “शाळा आहेच की जागच्या जागी.”

यावर एक विराम आला. फार तर एका श्वासाएवढा असेल. पण एल्डन क्विस्टला जन्मापासून दिसत नव्हते आणि माणसांचे विराम ओळखण्यातच त्याची तेहतीस वर्षे गेली होती. कुणी घड्याळाकडे पाहण्यासाठी थांबते, कुणी शब्द शोधण्यासाठी, कुणी समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटते का ते पाहण्यासाठी. हा विराम यांपैकी कुठलाच नव्हता. अंधाऱ्या जिन्यावर आणखी एक पायरी असेल असे समजून माणसाने पाऊल टाकावे आणि खाली पायरी नसावी, तसा तो होता. “हो हो,” सिनेटर मग म्हणाले, “इमारती कुठे जाताहेत!” आणि त्यांचे बूट संगमरवरावरून निघून गेले, नेहमीपेक्षा थोडे लवकर, उजव्या टाचेवर नेहमीसारखाच भार देऊन.

इमारती. विधानभवनाच्या तळघरातल्या आपल्या लहानशा काउंटरमागे एल्डन तो शब्द धरून उभा राहिला. सरकारी इमारतींमधली चहाफराळाची अशी काउंटरे अंधांना देण्याची या देशात जुनी रीत होती, आणि नऊ वर्षांपूर्वी हे त्याच्या वाट्याला आले तेव्हा वेस्टब्रुकच्या अंधशाळेतले सारे जुने सोबती आनंदले होते. कारण आता कायदा जिथे शिजतो त्या घरात आपला एक माणूस होता. इथे गिऱ्हाईक नोट पुढे करी आणि म्हणे, पाचाची आहे. आणि एल्डन ती पाचाची म्हणूनच ठेवून देई. नऊ वर्षांत त्याला फारसे कुणी फसवले नव्हते. लोकांच्या तोंडच्या शब्दावर विसंबण्याची ती सवय त्याला कधी दुबळेपणाची वाटली नव्हती. उलट तिच्यात एक प्रकारची श्रीमंती आहे असे त्याला वाटत आले होते. त्याने पुढच्या गिऱ्हाइकासाठी कॉफी ओतायला घेतली. पेला किती भरला हे कळावे म्हणून त्याचे बोट नेहमी काठाच्या आत टेकलेले असे. आज बोट तिथे होते आणि लक्ष नव्हते. कढत कॉफी बोटाच्या पेरावर चढली, आणि ते त्याला अंमळ उशिरा, दुसऱ्या कुणाचे दुःख कळावे तसे कळले.

आज ज्याच्यावर सुनावणी होती ते विधेयक त्याने मागच्या सोमवारी वाचले होते. वाचले म्हणजे ऐकले होते. संगणकातला तो कोरडा पुरुषी आवाज त्याने इतक्या वेगावर लावून ठेवलेला असे, की डोळसांना तो पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखा वाटे. एल्डनला मात्र त्या गारांतला दाणा न् दाणा वेगळा लागे, आणि त्याचा त्याला छुपा अभिमानही होता. ‘अपंग मुलांच्या शिक्षणविषयक व सेवाविषयक तरतुदी अद्ययावत करण्याबाबत’ असा काहीसा मथळा होता. चौथ्या कलमात वेस्टब्रुकचे नाव आले तेव्हा त्याने श्वास रोखला होता. आवाज म्हणाला होता, “राज्य वेस्टब्रुक येथे अंध मुलांसाठी निवासी शाळा चालवील, आणि तेथे शिकू इच्छिणाऱ्या कोणत्याही मुलाला परत पाठविले जाणार नाही.” आणि लगेच, त्याच दमात, “उपलब्ध निधीच्या मर्यादेत, अपंग मुलांना त्यांच्या राहत्या जिल्ह्यात सेवा पुरविता येतील.” त्याने मनाशी ही दोन वाक्ये एका ‘शिवाय’ने जोडली होती. शाळा तर राहणारच. शिवाय गावोगावी काही मिळालेच तर मिळेल. तो ‘शिवाय’ कागदात नव्हता. तो त्याचा होता.

सिनेटर ट्रेडवेंनीच तर त्याआधी सांगितले होते, याच काउंटरवर ओणवून: “वाच, वाच. तुझ्या शाळेचं नाव आहे त्यात.” तेही खोटे नव्हते. आज विराम ऐकल्यावर ते वाक्य पुन्हा कानाशी आले, आणि त्यातला सच्चेपणाच एल्डनला थंड हातासारखा मानेवर जाणवला.

मग त्याने डॅरिल बोझार्टला फोन केला होता. डॅरिल त्याचा वर्गमित्र. वेस्टब्रुकमध्येच राहून पियानो लावण्याचे काम करी, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा बिनपगारी सेनापती होता. शाळा बंद होणार अशी अफवा उठल्याबरोबर त्याने बस ठरवून टाकली होती, एक्केचाळीस माणसे, रस्ता दीडशे मैलांचा. “रद्द कर,” एल्डन म्हणाला होता. “मी स्वतः वाचलंय. शाळा आहे. सुनावणीला यायची गरज नाही.” आणि कलमातले ते वाक्यही त्याने शब्दशः म्हणून दाखवले होते.

“बघ हं,” डॅरिल म्हणाला होता. “मी बायकोला सांगून बसलोय, की राजधानीत जाऊन क्रांती करणार म्हणून. आता तिच्या आईकडे जेवायला जावं लागेल. ते पाप तुझ्या माथी.”

“माझ्या माथी.”

“तू म्हणतोस म्हणजे झालं. तू काय, तिथेच असतोस.” आणि डॅरिलने साखळी सुरू करून दिली होती. मंडळाची ही साखळी फार जुनी, यंत्रांच्या आधीची: पहिल्याने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि यादीतल्या शेवटच्या माणसाने पहिल्याला उलट फोन करून निरोप शब्दशः म्हणून दाखवायचा, म्हणजे वाटेत त्याला पाय फुटले नाहीत हे कळे. पहिला एल्डन होता. शेवटचा फोन अजून आला नव्हता. वेस्टब्रुकमध्ये शाळेच्या बाजूला बर्फाच्या वादळाने तारा तुटल्या आहेत असे डॅरिल म्हणाला होता, आणि एल्डनने तिकडे फारसे लक्ष दिले नव्हते. निरोप चांगला असला म्हणजे तो पोचल्याची पावती माणूस मागत नाही.

बाहेर आजही बर्फ पडत असावा. तळघराला खिडकी नव्हती. पण वरचे दार उघडे तेव्हा रस्त्याचा आवाज आत येण्याऐवजी एक कापसासारखी पोकळी आत येत होती. शाळेत मुले बर्फाला आंधळ्यांचे धुके म्हणत. त्याच्या खाली पायवाट, तिच्या कडेचे गवत, भिंतीवरून परत येणारा आपल्याच पावलांचा आवाज, सगळे पुसले जाई. आणि मूल अंगणाच्या मधोमध जगाबाहेर उभे राही. म्हणून बर्फाच्या दिवशी शाळेत दर पाव तासाला घंटा वाजवीत. मुले जिथे असत तिथे थांबत, घंटेकडे तोंड फिरवीत आणि चालू लागत. एल्डन सहा वर्षांचा असताना आला तो असाच दिवस होता. आईने त्याचा हात हातमोज्यासकट धरला होता, आणि दारात आल्यावर ती एकदम म्हणाली होती, आमचं गाव लांब आहे, हा रडला तर, हा शिकला नाही तर. आतून एक बाई म्हणाल्या होत्या, “इथून कुणाला परत पाठवत नाहीत.” आवाज मऊ नव्हता; लाकडासारखा होता, आणि म्हणूनच त्याच्यावर टेकता आले. आईचा हात हातमोजा ठेवून निघून गेला होता. मोटारीचा आवाज बर्फाने फार लवकर खाऊन टाकला. पण ते वाक्य राहिले. त्या बाई रुडिनबाई होत्या, ब्रेल शिकवणाऱ्या, स्वतःही अंध; आणि त्यांनी ते वाक्य मनाचे म्हटले नव्हते, राज्याच्या कायद्यातून घेतले होते, हे एल्डनला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा त्याला विलक्षण वाटले होते, की कायद्याच्या एखाद्या ओळीला दारात उभे राहून एवढ्याशा मुलाला आत घेता येते.

“काय रे, भूत बघितलंस की काय?” डोरीन काशचा आवाज आला, आणि तिच्यासोबत पितळ घासायच्या द्रवाचा उग्र वास. ती भवनातले कठडे आणि मुठी घासून लख्ख ठेवी, आणि एकच्या सुमाराला काउंटरवर येऊन दोघांचेही बोलणे एकटी बोले. “आणि बघितलं असलंस तर मला पण सांग. माझ्या पहिल्या नवऱ्याचं असेल, त्याच्याकडे माझी शिडी राहिलीय.”

“डोरीन, एक कागद वाचून देशील?”

“मी? अरे, मी चष्मा लावून औषधाच्या बाटलीवरचं वाचत नाही. आण.”

विधेयकांच्या प्रती वरच्या दालनाबाहेर मांडून ठेवलेल्या असत. डोरीन कुरकुरत जाऊन एक घेऊन आली. खुर्ची ओढल्याचा आवाज, चष्म्याच्या डबीचा आवाज, पाने उलटल्याचा आवाज. त्या आवाजांमधल्या जागा एल्डनला असह्य लांब वाटल्या. “चौथं कलम,” तो म्हणाला.

“हां. ‘राज्य वेस्टब्रुक येथे’...” आणि ती थांबली. “हे पण वाचू?”

“म्हणजे?”

“म्हणजे हे तर खोडलंय ना. मधून रेघ मारलीय सरळ. रेघ आहे, पण वाचता येतंय.”

“कुठपर्यंत?”

“ही सगळी ओळ. ‘चालवील’वर, आणि पुढे ‘परत पाठविले जाणार नाही’ आहे त्याच्यावर. मग खाली ‘उपलब्ध निधी’ का काय आहे, ते चांगलं आहे, अधोरेखित केलंय.” तिने पान उलटले. “पहिल्या पानावर बारीक छापलंय बघ: रेघ मारलेला मजकूर वगळण्यात येत आहे. काय झालं रे? एल्डन?”

त्याला आधी काहीच वाटले नाही. मग पायांच्या तळव्यांत एक बारीक कंप आला, जणू खाली फार खोलवर कुणीतरी जड कपाट सरकवत होते. यंत्राने त्याला खोटे सांगितले नव्हते. त्याच्यापुढे अक्षरे होती, ती त्याने म्हटली. रेघेला आवाज नसतो, म्हणून ती त्याने म्हटली नाही. मेलेले वाक्य त्याने जिवंत वाक्याच्याच सुरात म्हणून दाखवले, आणि एल्डनने ते उचलून एक्केचाळीस माणसांच्या कानांत ठेवले. त्याला आठवले, ‘चालवील’ आणि ‘पुरविता येतील’ यांच्यामध्ये त्या दिवशीही काहीतरी खुपले होते. एका वाक्यात वचन होते आणि दुसऱ्यात नुसती सवड. बोट असते तर तिथे थांबले असते, मागे गेले असते, पुन्हा फिरले असते. कान थांबत नाही. पुढची गार मागच्या गारेवर पडत राहते. ब्रेलमधली प्रत मागवता आली असती. ग्रंथालयाला आठ दिवस लागतात, म्हणून त्याने मागवली नव्हती. आठ दिवस आजच पुरे होत होते.

“कान लाडावलेला असतो, क्विस्ट,” रुडिनबाई म्हणायच्या. “त्याला जे हवं ते तो ऐकतो. बोट गरीब आहे. त्याला जे मिळेल तेच ते घेतं.” पंधरा वर्षांच्या एल्डनला कानांनी वाचायचे नवे यंत्र मिळाले होते, आणि तो वर्गात बसून बाईंना मनातल्या मनात म्हातारी म्हणत होता. बाई जाड कागदावर टोच्याने उलटे लिहायला शिकवीत. ठिपके मागून टोचायचे आणि कागद उलटून वाचायचे. चूक झाली तर ठिपका नखाने किंवा लाकडी पुसणीने दाबून सपाट करायचा. पण तो पुरता सपाट कधीच होत नसे. बोट हळू नेले तर तिथे एक मऊ, थकलेला उंचवटा लागे. बाई मुलांना मुद्दाम खोडलेले शब्द शोधायला लावीत. “इथे काय होतं?” त्या विचारीत. “नुसतं खोडलं म्हणून काही नाहीसं होत नसतं. सांग, काय होतं?” मुलांना तो खेळ आवडे. एल्डनला त्याची भीती वाटे; ज्याला नाही म्हटले गेले आहे त्यावर आपण बोट ठेवतो आहोत, आणि ते खालून किंचित वर येते आहे, असे त्याला होई.

“किती वाजले?” त्याने विचारले.

“एक वाजून पाच. सुनावणी दीडला ना? बोलायचं असेल तर त्याआधी चिठ्ठी द्यावी लागते. चल, मी लिहिते. नाव माहितीय. बाजू कुठली, ‘विरोध’वर खूण करू?”

“कर.”

“बाकीचे कुठे आहेत तुझे? ते काठीवाले?”

एल्डनने खिशातला फोन काढला. त्याने डॅरिलचा नंबर लावला. फोन वाजत राहिला. डॅरिल बहुधा कुणाच्या तरी पियानोत कोपरापर्यंत हात घालून बसला असेल, एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजवत, दोन तारांमधली ती बारीक थरथर नाहीशी होण्याची वाट पाहत. दीडशे मैल, बर्फ, पंचवीस मिनिटे. एल्डनने काउंटरवर ‘बंद’ची पाटी लावली आणि काठी घेतली.

सुनावणीच्या दालनात गालिचा होता. एल्डनला गालिचे आवडत नसत. ते खोलीला खोली राहू देत नाहीत. छत किती उंच, माणसे किती, भिंत कुठे, काहीही परत येत नव्हते. डोरीनने त्याला खुर्चीपर्यंत नेले आणि त्याच्या खांद्यावर पितळेच्या वासाचा हात क्षणभर ठेवून ती दाराशी जाऊन उभी राहिली. बाजूने बोलणारे तिघे होते. एक हिशोबी आवाज म्हणाला, मुलं घराजवळ शिकली पाहिजेत, हे कुणाला नको असेल? एल्डनलाही ते नको नव्हते. त्याने आपल्या गावाची आठवण केली, तीनशे वस्तीचे, धान्याचे एक उंच कोठार आणि एक शाळा. तिथे राहिला असता तर त्याला कुणी ठिपका दाखवला असता? कोठाराच्या भिंतीवरून परत येणारा आपला आवाज तेवढा त्याने वाचला असता.

“विरोधात कुणी?” अध्यक्षस्थानी सिनेटर ट्रेडवेच होते. नुसता रिवाज म्हणून त्यांनी विचारले, आणि मग कागद सरकला. “अच्छा. एल्डन. या. दोन मिनिटं आहेत. समोर दिवे आहेत, हिरवा, पिवळा...” ते थांबले.

“दिव्यांचं मला सांगावं लागेल, साहेब.”

कुणीतरी हसले, दयाळूपणाने. एल्डन उभा राहिला. इतकी वर्षे या माणसांना कॉफी देताना त्याने त्यांच्या तोंडून हजार वाक्ये ऐकली होती. त्यांनी त्याचे एकही असे ऐकले नव्हते. “मी तुमचं विधेयक ऐकून वाचलं,” तो म्हणाला. “माझ्या यंत्राला रेघ दिसत नाही. त्यामुळे शाळा राहणार असं मी समजलो, आणि सगळ्यांना तसं कळवलं. आज इथे कुणी नाही ते समजूतदारपणामुळे नाही. ते माझ्यामुळे आहे. एक्केचाळीस जण येणार होते. त्यांची बस मी निघायच्या आधीच परत पाठवली.” ‘परत पाठवली’ हे शब्द त्याला स्वतःच्याच तोंडी विचित्र लागले. “माझी एवढीच विनंती आहे. सचिवबाईंनी चौथं कलम मोठ्यानं वाचावं. जसं मी ऐकलं तसं.”

कुजबूज झाली. “साहेब, ते वगळलेलं आहे,” एका तरुण बाईचा आवाज म्हणाला. “वाचू?”

“वाचा,” ट्रेडवे म्हणाले. “वेळ त्यांचा आहे.”

ती वाचू लागली. “राज्य वेस्टब्रुक येथे अंध मुलांसाठी निवासी शाळा चालवील...” तिचा आवाज स्वच्छ होता, आणि रेघ कशी म्हणायची हे तिलाही ठाऊक नव्हते. वाक्य त्या गालिच्याच्या दालनात सगळ्यांसमोर पुरते उभे राहिले, ‘नाही’पर्यंत, कुठेही ओरखडा न उमटता. त्यानंतर जी शांतता पडली तिच्यात कुणीतरी खुर्चीत हलले. एल्डनला एक क्षण वाटले, आता काहीतरी घडेल.

“फार परिणामकारक,” सिनेटर ट्रेडवे हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात खरेच काहीतरी होते, आणि तेच अधिक भयंकर होते. “दिवा लाल झालाय, एल्डन.”

मतदान लगेच झाले. सहा नावांना ‘होय’, एकाला ‘नाही’. विधेयक समितीतून पुढे निघाले. शुक्रवारी ते सभागृहासमोर येणार होते. हातोडी एकदा वाजली आणि गालिच्याने तिचाही आवाज गिळला. दारातून बाहेर पडताना ट्रेडवे त्याच्या कोपराजवळ आले. “मी फसवलं नाही तुला,” ते म्हणाले. “कागद सगळ्यांना सारखाच असतो.” एल्डनला वाटले, ते हे खरेच मानतात. पेपरमिंटचा वास थोडा वेळ रेंगाळला. मग तोही गेला.

दालनाबाहेरच्या मार्गिकेत संगमरवर होता. एल्डन भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला.

“साखळी पुरी झाली, क्विस्ट,” एक लाकडासारखा आवाज म्हणाला. वयाने त्याला आता चिरा पडल्या होत्या. “शेवटची कडी बोलतेय. तार सकाळी जोडली त्या लोकांनी, म्हणून उशीर. निरोप म्हणून दाखवते, चूक असली तर सांग.” आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या रुडिनबाईंनी तो शब्दशः म्हणून दाखवला: एल्डनने स्वतः वाचले आहे, शाळा आहे, सुनावणीला येण्याची गरज नाही. “आणि कलमातलं वाक्य पण आलं माझ्यापर्यंत, पुरं. कुणी एक शब्द गाळला नाही, शाबास सगळ्यांची. मी ते टोचून घेतलंय जाड कागदावर. म्हटलं, स्वयंपाकघरात लावावं. वाचून दाखवू?”

“बाई.”

“काय रे?”

“ते वाक्य खोडलेलं आहे.”

तारेत बारीक खरखर होत राहिली. त्याने सगळे सांगितले. रेघ, यंत्र, बस, सहा विरुद्ध एक. आपण रडतो आहोत की काय हे त्याला कळेना. बाईंनी मध्ये एकदाही त्याला थांबवले नाही. त्याचे सांगून संपले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “बोटानं नाही वाचलंस.”

“नाही, बाई.”

“हं.” मग खुर्ची सरकली, एक खण उघडला आणि मिटला. “थांब. कागद समोर घेतलाय. जे खोटं आहे ते मी घरात लावत नाही. कुठून कुठपर्यंत?”

“बाई, राहू दे ना.”

“क्विस्ट. कुठून?”

“‘राज्य’पासून,” तो म्हणाला.

जाड कागदावर नख घासल्याचा आवाज आला. थोडा वेळ तेवढाच. मग बाई थांबल्या आणि वाट पाहू लागल्या. “वेस्टब्रुक येथे,” एल्डन म्हणाला. नख. “अंध मुलांसाठी.” नख, हा जरा जास्त वेळ. आजूबाजूला माणसे बोलत जात होती, कुणीतरी काउंटर बंद का म्हणून विचारत होते, आणि तो भिंतीला टेकून एकेक शब्द पुढे करीत होता, वर्गात शुद्धलेखन सांगावे तसा, आणि दीडशे मैलांवर एक म्हातारे नख तो शब्द दाबून सपाट करीत होते. ‘निवासी शाळा’ झाले. ‘चालवील’ झाले. ‘कोणत्याही मुलाला’ म्हणताना त्याचा आवाज फुटला. नखाने वाट पाहिली. शेवटी ‘परत पाठविले जाणार नाही’ राहिले, आणि ते त्याला म्हणवेना. बाईंनी ते न सांगताच घासले. ते त्यांना पाठ होते.

“झालं,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. त्या बोट फिरवून पाहत आहेत हे त्याला कळले. डावीकडून उजवीकडे, हळू, कुठेही घाई न करता. “लागतंय अजून,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी म्हणालास ना? यादी माझ्याकडे आहे. मी खालून सुरू करते.”

फोन त्यांनी ठेवला नाही, की ठेवायचा विसरल्या. त्यांच्या शाळेशेजारच्या घराच्या खिडकीपलीकडून, अंगणापलीकडून एक आवाज आला, बर्फात मुरून बोथट झालेला. शाळेची घंटा वाजत होती. कुठल्यातरी मुलाला पायवाट सापडत नसावी. भर दुपारी, राजधानीच्या त्या लांबलचक मार्गिकेत, एल्डन जिथे होता तिथे थांबला आणि त्याने सवयीने घंटेकडे तोंड फिरवले. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. पण फोनमधून येणाऱ्या आवाजाला दिशा नसते. घंटा वाजत राहिली. तो काठी उचलून उभा राहिला, आणि पहिले पाऊल कुठे टाकायचे हे त्याला कळेना.